शिल्लक : जलतरण तलावातील क्लोरीनचा इतिहास, नागपूर-बेसामार्गे

#इतिहास #धागा

१/
नागपूरच्या दक्षिण वेशीवरचे बेसा हे एकेकाळी शेते आणि विहिरी यांचे गाव. आज ते बेसा-पिपळा नगरपंचायतीत आहे. शेतांच्या जागी लेआउट आले, रो-हाउस आली, सोसायट्या आल्या आणि काही बंगल्यांच्या आवारात निळ्या फरशांचे खासगी जलतरण तलावही आले. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तलावाच्या मालकाला तेव्हा रोज एकच प्रश्न पडतो : क्लोरीन किती टाकावे?

या प्रश्नामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय नागपुरातच लिहिला गेला आहे.

२/
आरंभ स्वीडनमध्ये होतो. १७७४ साली कार्ल शील या रसायनज्ञाला एक हिरवट-पिवळा, गुदमरवणारा वायू मिळाला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने ते मूलद्रव्य असल्याचे सांगून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. मधल्या काळात, १७९९ साली, स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने हा वायू चुन्यात शोषून त्याची कोरडी पूड केली. ही ब्लीचिंग पावडर कापड शुभ्र करण्यासाठी होती. तिचा आरोग्याशी संबंध आहे, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

३/
तो संबंध १८४७ मध्ये व्हिएन्नात ठळकपणे दिसला. तेथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. बाळंतज्वराने दगावणाऱ्या मातांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढून दोन टक्क्यांच्या आसपास आले. जंतूंचा सिद्धान्त अजून मांडला जायचा होता. सेमेलवाइसच्या समजुतीप्रमाणे क्लोरीन केवळ शवविच्छेदनाचा दुर्गंध आणि त्याबरोबरचे ‘शवकण’ घालवत होते. कारण नीट कळले नव्हते, तरी उपाय लागू पडत होता.

४/
भारतात पाण्याचे निर्जंतुकीकरण आले ते जांभळ्या रंगात. १८९० च्या दशकात आग्र्याचा जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन याने पटकीच्या साथीत विहिरींमध्ये पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. महाराष्ट्रातही विहिरीत ‘औषध’ टाकल्यावर गुलाबी होणारे पाणी अनेक पिढ्यांनी पाहिले. हा उपाय डोळ्यांना दिसे, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसे. परंतु जंतुनाशक म्हणून तो दुबळा होता. शिवाय पाण्याचा रंग आणि चव बदलत असे. रंग दिसतो म्हणून पाणी सुरक्षित, हा समज चुकीचा होता. आज ‘पाणी नितळ आहे म्हणून सुरक्षित’ असे मानणारा मनुष्य तीच चूक उलट्या बाजूने करत असतो.

५/
१८९७ मध्ये इंग्लंडच्या मेडस्टोन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा जलवाहिन्या ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करण्यात आल्या. १९०२ मध्ये बेल्जियमच्या मिडलकर्क येथे क्लोरीनचा कायमस्वरूपी वापर सुरू झाला. २६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन मिसळायला आरंभ केला. ‘लोकांच्या पाण्यात विष कालवले’ असा आक्षेप आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेथे हा उपाय मान्य झाला, आणि मग अमेरिकेतील एकेक शहर तो स्वीकारत गेले.

६/
जलतरण तलावांची अवस्था त्या काळी काय होती? ब्रिटनमधील सार्वजनिक स्नानगृहांत तलाव भरायचा, आठवडाभर त्यातच पोहायचे आणि शेवटी तो रिकामा करायचा, अशी रीत होती. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे, गढूळ पाण्याच्या दिवशी स्वस्त. याचा सरळ अर्थ असा की, ज्याच्या खिशात कमी पैसे, त्याच्या वाट्याला इतरांचा मळ.

१९१० च्या सुमारास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ब्लीचिंग पावडर वापरून जंतूंची मोजणी करण्यात आली. क्लोरीनयुक्त जलतरण तलावाची कथा साधारण येथून सुरू होते.

७/
पुढची काही वर्षे या मूलद्रव्याचे दोन्ही चेहरे दाखवणारी होती. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियमच्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचे ढग सोडले. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर चढाईसाठी उतरली. विषारी वायूला तोंड देत सहकाऱ्यांना सावरणाऱ्या जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच महायुद्धात सैनिकांच्या पिण्याच्या पाण्यातही क्लोरीन होते. ते किती घालायचे हे एका साध्या पेटीने ठरवले जाई.

८/
ब्रिटिश लष्करी वैद्यकातील सर विल्यम हॉरॉक्स यांची ही पेटी. तिच्यात एक काळा पेला, सहा पांढरे पेले आणि दोन ग्रॅम मापाचा चमचा असे. काळ्या पेल्यात पावडरचे द्रावण करायचे. सहा पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी भरायचे. पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत जायचे. अर्धा तास थांबून प्रत्येक पेल्यात स्टार्च-आयोडाइडचे सूचक घालायचे. ज्या क्रमांकाच्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग उमटेल, तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला पुरे.

९/
या पेटीत साऱ्या विषयाचे मर्म आहे. निळा रंग टाकलेल्या क्लोरीनमुळे उमटत नाही. उरलेल्या क्लोरीनमुळे उमटतो. पाण्यातला मळ, जंतू आणि सेंद्रिय द्रव्ये क्लोरीनचा आपला वाटा आधी खाऊन टाकतात. या भुकेला ‘क्लोरीनची मागणी’ म्हणतात. ती भागल्यावर जे मागे राहते, ते ‘शिल्लक मुक्त क्लोरीन’, आणि पाण्याची राखण तेच करते. दोन तलावांत सारखीच पावडर टाकली, तरी एकात पहारा उभा राहील आणि दुसऱ्यात काहीच उरणार नाही.

१०/
आता महाराष्ट्रात येऊ. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘बाटले’ म्हणून त्याची ‘शुद्धी’ केली. दूध, दही, शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात रिकाम्या करण्यात आल्या.

आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने पाहा. शेण घातलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि क्लोरीनची मागणीही वाढते. ‘शुद्ध’ या शब्दाचे दोन अर्थ येथे समोरासमोर उभे राहिले. एक अर्थ विचारतो, पाण्याला कोणी स्पर्श केला? दुसरा विचारतो, पाण्यात काय आहे? पहिल्या अर्थाने माणसे पाण्यावाचून ठेवली, दुसऱ्याने माणसे वाचवली.

११/
स्वातंत्र्यानंतरचा मोठा धडा दिल्लीने दिला. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत मागे सरकले. जलशुद्धीकरण केंद्राने तुरटीचे व क्लोरीनचे प्रमाण वाढवले. विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत. जिवाणू आटोक्यात राहिले होते. पण काही आठवड्यांनी काविळीची प्रचंड लाट आली. सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली.

१२/
त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले गेले. तो हिपॅटायटिस ‘ए’ नव्हता, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. आज ज्याला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात, त्या विषाणूच्या इतिहासात दिल्लीच्या या साथीचे नाव अटळपणे येते. धडा असा की क्लोरीन हा मंत्र नव्हे. पाण्यातला गढूळपणा, विषाणूची चिवटपणा, संपर्काचा वेळ आणि पाण्याची आम्लता या चौघांशी त्याचा हिशेब असतो. गाळ न काढता नुसती पावडर वाढवणे हा उपाय ठरत नाही.

१३/
दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि त्यांतून पसरणारे रोग हा तिचा विषय. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. नागपूरकर तिला नुसते ‘नीरी’ म्हणतात, आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्थेला हे नाव शोभतेही. बेसा या संस्थेपासून काही किलोमीटरवर आहे.

१४/
नीरीपुढे देशातील लाखो उघड्या विहिरी होत्या. विहिरीत सकाळी पावडर टाकली तर पहिल्या घागरीला उग्र वास येई आणि संध्याकाळच्या पाण्यात काहीच उरत नसे. ना वीज, ना यंत्र, ना पूर्णवेळ माणूस, अशा स्थितीत क्लोरीन सतत आणि थोडे थोडे कसे मिळावे? नीरीने उत्तर दिले ते कुंभाराच्या चाकावरचे होते : दुहेरी मडके.

१५/
त्याची रचना अशी. दोन मडकी, एकात एक. बाहेरचे आतून ३० सेंटिमीटर उंच व २५ सेंटिमीटर रुंद. प्रत्येकाला १ सेंटिमीटरचे एकच छिद्र : आतल्याला वर काठाजवळ, बाहेरच्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर. १ किलो ब्लीचिंग पावडर आणि २ किलो जाडी वाळू किंचित ओलसर करून आतल्या मडक्यात छिद्राच्या ३ सेंटिमीटर खालपर्यंत भरायची. बाहेरच्या मडक्याचे तोंड प्लास्टिकने बांधून दोरीने ते पाण्याच्या पातळीखाली एक मीटर सोडायचे, म्हणजे बादल्यांचा धक्का लागत नाही.

१६/
हिशेब करून पाहा. सुमारे ४,५०० लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीत १ किलो पावडर एकदम ओतली, आणि तिच्यात ३३ टक्के क्लोरीन धरले, तर लिटरमागे ७३ मिलिग्रॅम होईल. ते पाणी तोंडात धरवणार नाही. दुहेरी मडक्यात पाण्याला दोन छिद्रे आणि वाळूचा थर ओलांडावा लागतो, म्हणून तोच एक किलो दोन ते तीन आठवडे झिरपत राहतो. दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा असलेल्या विहिरीत ही रचना समाधानकारक चालते, असे आढळले.

महाडला १०८ घागरी लागल्या होत्या. येथे दोन मडक्यांत भागले.

१७/
नीरीने क्लोरीनच्या गोळ्याही विकसित केल्या. अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटर पाण्याला पुरते. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या गावागावांत ब्लीचिंग पावडर ‘टीसीएल’ या नावाने रुळली. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल घालतो आणि नळाच्या टोकाला ‘ओटी’ चाचणी घेतो. थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचले. जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. हॉरॉक्सच्या पेल्यांचा हा ग्रामीण वंशज.

१८/
आता बेसा येथील तलावाकडे वळू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला शुद्ध क्लोरीन लागते ४८ ग्रॅम. म्हणजे :
• ३३ टक्क्यांची ताजी टीसीएल : सुमारे १४५ ग्रॅम
• ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट : सुमारे ७४ ग्रॅम
• उघडी राहून २० टक्क्यांवर उतरलेली टीसीएल : २४० ग्रॅम

हवा, ऊन आणि ओल लागली की टीसीएलचे सत्त्व उडून जाते. पोते जुने असेल तर चमचा तोच राहतो, पण क्लोरीन तेवढे राहत नाही. टीसीएल बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे नितळ पाणीच तलावात सोडावे.

१९/
हा हिशेब झाला टाकण्याचा. उरण्याचा हिशेब वेगळा असतो. तलावात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम सतत असावे. घरगुती तलावात १ ते ३ ही मर्यादा सोयीची. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ दरम्यान हवा. क्लोरीनचे जंतू मारणारे रूप हायपोक्लोरस आम्ल असते. सामू ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मे या रूपात असते, ८ ला जेमतेम पाव, आणि ८.५ ला दहावा हिस्साही नाही. टीसीएल सामू वाढवते. म्हणून केवळ क्लोरीन मोजून सामू न मोजणे म्हणजे शिपाई मोजून त्यांच्या हातात शस्त्र आहे की नाही हे न पाहणे.

२०/
दुसरा शत्रू ऊन. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या तलावातले निम्म्याहून अधिक क्लोरीन तासाभरात नष्ट होऊ शकते. म्हणून मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी आणि गाळणयंत्र चालू ठेवावे. सायन्युरिक आम्ल, अर्थात ‘स्टॅबिलायझर’, क्लोरीनला उन्हापासून जपते. लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम पुरे. पण ते क्लोरीनचा वेगही मंदावते, म्हणून ते वापरणाऱ्याने मुक्त क्लोरीन किमान २ ठेवावे. ट्रायक्लोरच्या वड्यांतून हे आम्ल दर खेपेस साठत जाते आणि आपोआप उडून जात नाही. पाण्याचा काही भाग बदलणे हाच त्यावर मार्ग.

तरंगत्या डब्यात झिरपणारी ती वडी पाहिली की नीरीच्या मडक्याची आठवण होते. तत्त्व एकच : थोडे, पण अखंड.

२१/
तलावाचा उग्र वास आला की लोक म्हणतात, ‘क्लोरीन जास्त झाले.’ बहुधा उलट असते. घाम आणि लघवीतील नायट्रोजनशी संयोग होऊन क्लोरीनचे क्लोरामाइन बनते. डोळे झोंबतात ते त्यानेच. १९३० च्या दशकाअखेरीस संशोधकांनी दाखवले की क्लोरीन वाढवत नेले तर एका बिंदूपलीकडे हे क्लोरामाइनच फुटून नाहीसे होते. एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन यांतला फरक लिटरमागे ०.४ च्या वर गेला की, त्या फरकाच्या सुमारे दहापट मात्रा द्यावी लागते. पातळी खाली येईपर्यंत तलाव बंद ठेवावा.

हा फरक मोजायचा तर जुनी ‘ओटी’ पुरत नाही. तिचे रसायन कर्करोगाच्या संशयाखाली आहे. १९५७ मध्ये पॅलिनने सुचवलेली, गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरावी.

२२/
दिल्लीचा धडा येथेही लागू होतो. मुक्त क्लोरीन १, सामू ७.५, तापमान २५ अंश असताना ई. कोलाय मिनिटभरात मरतो. हिपॅटायटिस ‘ए’ ला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला ४५. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून अधिक तग धरतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात त्याने नळाच्या पाण्यातून अंदाजे ४ लाख लोकांना आजारी पाडले होते. म्हणून ज्या मुलाला हगवण लागली आहे, त्याला तलावात उतरवू नये. हे काम क्लोरीनचे नाही, पालकांचे आहे.

२३/
आणि ईप्रचा धडाही विसरू नये. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडले की तोच हिरवट वायू बाहेर येतो, मग स्थळ रणांगण असो वा पंपघर. सामू कमी करण्याचे आम्ल आणि क्लोरीन कधीही एका बादलीत घेऊ नये, एका कपाटात ठेवू नये. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. पावडर पाण्यात घालावी. पाणी पावडरीवर ओतू नये.

२४/
सेमेलवाइसचे भांडे, हॉरॉक्सचे पेले, नीरीची मडकी, जलसुरक्षकाची नळी आणि तलावाकाठची डीपीडीची पेटी ही एकाच वंशावळीतील साधने आहेत. पाण्याला कोणी स्पर्श केला, हे यांपैकी एकही साधन विचारत नाही. पाण्याकडे पाहून त्याची पारख होत नाही, ते मोजावे लागते, आणि ते उद्या पुन्हा मोजावे लागते. क्लोरीन टाकल्याची नोंद एका ओळीची असते. शिल्लक मात्र रोज तपासावी लागते.

घरी तलाव नसेल, तर गावच्या नळावर ओटी चाचणी कधी होते, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. तो अधिकार प्रत्येक पाणी पिणाऱ्याचा आहे.

धागा समाप्त. उपयुक्त वाटल्यास पुढे पाठवा.